दिवेवाल्या बाईंचा हिशेब

१२ मे आला की अजूनही एखाद्या नर्सिंग कॉलेजातून मला बोलावणं येतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जुन्या सिस्टर म्हणून दोन शब्द बोलायला बोलावतात आणि मलाही जायला आवडतं. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरी चादर आणि मधोमध हार घातलेला तोच फोटो. डोक्यावर टोपी, हातात दिवा. मुली मेणबत्त्या पेटवून शपथ घेतात. एखादीच्या हातावर मेण सांडतं आणि ती ओठ आवळून तशीच उभी राहते. माझ्याही हातावर सांडलं होतं.

आम्हाला तेव्हा ट्यूटर सिस्टरांनी शिकवलं ते असं, की फ्लॉरेन्स नाइटिंगेल रात्र रात्र दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरायची आणि तिच्या सेवेनं हजारोंचे प्राण वाचले. परीक्षेत आम्ही तेच लिहिलं, मार्कंही मिळाली. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा मीही मुलींना तेच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंमुर्धं होतं. उरलेलं कळलं तोवर माझी निम्मी नोकरी होऊन गेली होती.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला, म्हणून नाव फ्लॉरेन्स. थोरली बहीण नेपल्सला झाली, तर तिला त्या शहराचं जुनं ग्रीक नाव दिलं, पार्थेनोपी. आईवडिलांची हौस बघा! घरची गडगंज श्रीमंती. इंग्लंडात दोन मोठी घरं, एक उन्हाळ्यासाठी डर्बीशायरला आणि एक दक्षिणेकडे हॅम्पशायरला. वडिलांनी दोघी मुलींना स्वतः शिकवलं. ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान. फ्लॉरेन्सला ओढ मात्र गणिताची. आईला वाटायचं, मुलीच्या जातीला गणित कशाला, लग्न झाल्यावर त्याचं काय करायचंय? शेवटी मेरी मध्ये पडली. ही वडिलांची बहीण आणि मामाचीच बायको, म्हणजे आत्याही तीच आणि मामीही तीच. तिनं वहिनीची समजूत घालायचा खटाटोप केला तेव्हा कुठे पोरीच्या पदरात थोडंफार गणित पडलं.

पंचविशीत फ्लॉरेन्सनं घरी सांगितलं की मला हॉस्पिटलात जाऊन शुश्रूषा शिकायचीय. घरात आकाश कोसळलं. त्या काळचं हॉस्पिटल म्हणजे गरिबांनी मरायला जायची जागा आणि तिथं काम करणाऱ्या बायकांचं नाव काही चांगलं नव्हतं. परवानगी मिळाली नाही. मग या मुलीनं काय करावं? घर उठायच्या आधी, पहाटेच्या अंधारात दिवा लावून ती हॉस्पिटलांचे आणि सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचायची. कुठे किती रोगी, किती खाटा, किती मेले, सगळं वहीत उतरवून काढायची. न्याहारीची घंटा झाली की वह्या बंद, आणि खाली जाऊन पाहुण्यांशी गोड बोलणं सुरू. तिचा दिवा म्हटला की मला आधी हा आठवतो, फोटोतला नंतर.

असं बरीच वर्षं चाललं. एक चांगलं स्थळ तिनं नाकारलं, तेही मनाला आवडलेल्या माणसाचं. १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थ इथल्या संस्थेत तीन महिने राहून ती काम शिकून आली. १८५३ मध्ये लंडनला आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेची व्यवस्था तिच्याकडे आली. वडिलांनी वर्षाला ५०० पौंड बांधून दिले आणि आई रडत बसली.

१८५४ च्या ऑगस्टअखेरीला लंडनच्या सोहो भागात पटकीची जबरदस्त साथ आली. तिथले रोगी जवळच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात येत होते आणि फ्लॉरेन्स तिथं मदतीला गेली. त्याच दिवसांत, त्याच गल्ल्यांतून डॉक्टर जॉन स्नो नावाचे गृहस्थ दारोदार विचारत हिंडत होते की तुमच्या घरात कोण गेलं आणि पाणी कुठलं भरता. त्यांनी मृत्यू मोजले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दाखवले आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढायला लावला. रोगाचं मूळ कुणाला झाला, कुठे झाला, कधी झाला यावरून शोधायचं, हे जे साथरोगशास्त्र, त्याचा पाया त्या गल्लीत घातला गेला असं मानतात. गंमत म्हणजे फ्लॉरेन्सला स्नोंचं म्हणणं पटलेलं नव्हतं. रोग घाणेरड्या हवेतून होतो अशीच तिची समजूत, आणि ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. एवढी हुशार बाई, पण या बाबतीत चुकीच्या बाजूला होती. हे आपण झाकून ठेवू नये.

मग क्रिमियाचं युद्ध. ३८ परिचारिका घेऊन ती ४ नोव्हेंबर १८५४ ला इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला पोचली. सैन्याच्या बराकीचंच हॉस्पिटल केलेलं. काळ्या समुद्रावरून जहाजं भरभरून सैनिक येत होते आणि जमिनीवर अंथरलेल्या गवताच्या गाद्यांवर पडत होते. साबण, कपडे, भांडी, काही म्हणता काही नव्हतं. फ्लॉरेन्सनं स्वयंपाकघरं उभी केली, धुलाईची सोय केली, स्वतःकडच्या आणि वर्गणीच्या पैशातून सामान आणलं. आणि हो, रात्री दिवा घेऊन वॉर्डांतून फिरलीसुद्धा. लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानं तिचं दिवा घेतलेलं चित्र छापलं ते २४ फेब्रुवारी १८५५ ला. तिथून पुढे ती जगाची दिवेवाली बाई झाली.

आता ही तारीख जरा लक्षात ठेवा. तिच्या हॉस्पिटलात मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त होतं तो महिना हाच, फेब्रुवारी १८५५. शंभर रोग्यांमागे बेचाळीसहून जास्त. घरोघर ते चित्र भिंतीवर लागत होतं आणि इकडे तिच्या वॉर्डांत जवळपास दर दुसरा माणूस दगावत होता.

मार्चमध्ये सरकारनं एक स्वच्छता आयोग पाठवला. त्यात डॉक्टर सदरलँड होते, इंजिनिअर रॉलिन्सन होते. त्यांनी पाहिलं तर इमारतीखालची गटारं तुंबलेली आणि पाण्याच्या पाटात मेलेलं घोडं. त्यांनी गटारं धुऊन काढली, पाणी मोकळं केलं, वारा खेळायला छतात झरोके पाडले, गर्दी कमी केली. जूनपर्यंत मृत्यूचं प्रमाण शंभरी दोनवर आलं.

म्हणजे माणसं वाचली ती मुख्यतः गटारं साफ झाल्यामुळे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. आमच्या बाईंचं श्रेय कुणीतरी काढून घेतंय असं वाटलं. नंतर कळलं की हे जगाला दाखवून देणारी बाई तीच होती.

ऑगस्ट १८५६ मध्ये ती परतली. स्वागत, मिरवणुका सगळं टाळून गुपचूप घरी आली. त्या वेळी तिचा समज असा होता, की सैनिक अर्धपोटी, थकलेले आणि फार उशिरा आणले गेले म्हणून मेले. मग तिची विल्यम फार यांच्याशी ओळख झाली. फार हे शिकलेले डॉक्टर, पण नोकरी जन्ममृत्यूच्या नोंदणी कचेरीत. इंग्लंडात ती नोंदणी १८३७ पासून सुरू झालेली, आणि त्या कोरड्या नोंदींतून देश कशानं मरतो हे वाचायची कला या माणसानं बसवली होती. आज तिला जैवसांख्यिकी म्हणतात. फ्लॉरेन्सनं स्कुटारीचे कागद त्यांच्यापुढे टाकले. कागदांची अवस्था काय होती, तर एकाच हॉस्पिटलातल्या मृत्यूंची नोंद तीन ठिकाणी व्हायची आणि तिन्हींचे आकडे तीन तऱ्हेचे! पुरलेल्या माणसांचाही मेळ लागेना.

मैत्रिणींनो, इथं जरा शाळेतलं गणित. लोणच्याच्या दोन बरण्या नासल्या म्हटलं तर आपण लगेच विचारतो, कितींपैकी? चारांतल्या दोन आणि चाळिसांतल्या दोन यांत जमीनअस्मानाचा फरक. किती मेले हा अंश झाला, कितींपैकी हा छेद. आणि किती दिवसांत, हे तिसरं. ही तीन सापडली की दर सांगता येतो, आणि दर आला की दोन जागांची तुलना करता येते. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर दर लाखामागे किती हे आपण रोज ऐकलं, ते हेच. जानेवारी १८५५ मध्ये क्रिमियाच्या ब्रिटिश फौजेत सरासरी ३२,३९३ माणसं होती. त्या एका महिन्यात जखमांनी मेली ८३, इतर कारणांनी ३२४ आणि पटकी, हगवण, तापानं मेली २,७६१. महिन्याचा हा वेग वर्षभराचा धरला तर दर येतो हजारी १,०२३. म्हणजे नवी भरती झाली नसती तर वर्षात नुसत्या आजारांनी अख्खी फौज संपून वर शून्याखाली गेली असती. शत्रूला यायची गरजच नव्हती.

हा हिशेब ठिकाणवार मांडल्यावर दिसलं, की आघाडीवरच्या साध्या तंबूतल्या दवाखान्यांपेक्षा स्कुटारीला जास्त माणसं मेली. तिच्या स्वतःच्या हॉस्पिटलात. एका अभ्यासकाचं म्हणणं आहे की १८५७ च्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली ती या धक्क्यानंच; दुसरे म्हणतात, तसं काही नाही, क्रिमियात झालेला ताप आयुष्यभर उलटत राहिला, आणि तो बहुधा ब्रुसेलोसिस होता. मला दोन्ही एकाच वेळी खरं असू शकेल असं वाटतं. ताप असलेल्या माणसाला मन नसतं असं थोडंच आहे? एवढं नक्की, की आकडे तिनं दडवले नाहीत. तिच्या नावावर देश ओवाळून टाकत होता, गप्प बसली असती तर कुणी विचारलंही नसतं. तिनं आठशेवर पानांचा अहवाल लिहून छापून घेतला आणि हवा तिथं पोचवला.

कोष्टकं मंत्री वाचत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून १८५८ मध्ये तिनं ते प्रसिद्ध चित्र काढलं. वर्तुळात बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येण्याजोग्या आजारांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. जितकं मरण मोठं तितकं पाकळीचं क्षेत्रफळ मोठं. उघडून बघितलं की निळाच निळा पसरलेला दिसतो आणि लाल म्हणजे मध्ये बोटभर. शेजारी दुसरं वर्तुळ पुढच्या वर्षाचं, एकदम आक्रसलेलं. त्यात शांततेच्या काळचीही एक तुलना तिनं पुढे आणली, ती मला सगळ्यांत जबरदस्त वाटते. सैन्यात माणूस घेतात तो धडधाकट बघून, तरुण बघून. त्याची तुलना गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी आणि तान्ह्यांशी कशी करणार? त्याच वयाच्या साध्या नागरिकांशी करायला हवी. तशी केल्यावर दिसलं, की इंग्लंडातच, कुठलंही युद्ध नसताना, बराकींत राहणारे सैनिक नागरिकांच्या जवळपास दुपटीनं मरतात. समान वयाचे समान वयाच्यांशी ताडून बघायचे, हा नियम आजही या शास्त्रातलं बालवाडीतलं अक्षर आहे. बराकी बदलल्या, पाणी बदललं, सैन्याचं वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. त्याच १८५८ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेनं तिला सभासद करून घेतलं. संस्थेतली ती पहिली बाई.

१८६० मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली तेव्हा तिनं सगळ्या हॉस्पिटलांसाठी एकच छापील तक्ता सुचवला. कारण एक हॉस्पिटल ज्याला ताप म्हणे त्याला दुसरं भलतंच काही म्हणे. भाषाच वेगळी तर बेरीज कशाची करणार? आपल्या नर्सेसना रजिस्टरचे रकाने भरता भरता बोटं दुखतात ना, त्या रकान्यांच्या पणजीचं नाव नाइटिंगेल. (मी कंटाळून कितीदा तरी शिव्या दिल्यात, तेव्हा माहीत नव्हतं.) तिचं नर्सिंगचं विद्यालय सेंट टॉमस हॉस्पिटलात सुरू झालं तेही त्याच वर्षी, पण ते सगळ्यांना पाठ आहे.

तिच्या हातूनही छेद चुकला, हेही सांगायला हवं. हॉस्पिटलांवरच्या तिच्या पुस्तकाच्या १८६३ च्या आवृत्तीत फार यांचं एक कोष्टक आहे. लंडनच्या २४ हॉस्पिटलांत १८६१ साली मृत्यू ३,८२८; रोगी ४,२१४; म्हणून मृत्यूचं प्रमाण शेकडा नव्वदच्या वर! वैद्यकीय मासिकं तुटून पडली, आणि बरोबरच होतं त्यांचं. मृत्यू घेतले वर्षभराचे आणि रोगी मोजले एका दिवशी खाटांवर होते तेवढेच. वर्षभरात त्याच खाटांवर कितीतरी जण येऊन बरे होऊन गेले, ते छेदात आलेच नाहीत. शिवाय शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हाताबाहेर गेलेल्या केसेस येतात, खेड्यातल्या छोट्यात येत नाहीत, हाही टीकाकारांचा मुद्दा होता. या टीकेपासून ती शिकली असावी असं पुढच्या कामावरून वाटतं.

ते पुढचं काम बाळंतिणींचं. ते कुणी फारसं सांगत नाही, म्हणून मी सांगते. तिच्या नावानं जमलेल्या फंडातून लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात १८६० च्या दशकात एक छोटा बाळंतपणाचा वॉर्ड सुरू झाला, खेड्यापाड्यांत जाणाऱ्या सुईणींना शिकवण्यासाठी. हेतू उत्तम. पण वॉर्डात बाळंतज्वर शिरला. बायका मरू लागल्या आणि १८६७ मध्ये वॉर्ड बंद करावा लागला. दुसरं कुणी असतं तर दुर्दैव म्हणून गप्प बसलं असतं. तिनं डॉक्टर सदरलँडना हाताशी धरून ठिकठिकाणचे आकडे मागवायला सुरुवात केली. पहिली गोष्ट कळली ती ही, की बाळंतपणात किती बायका मरतात याची धड मोजणीच कुठे नव्हती. मिळालं ते तिनं १८७१ च्या पुस्तकात मांडलं. देशभरात, बहुतेक घरीच होणाऱ्या बाळंतपणांत, मृत्यू हजारी पाचच्या आसपास. आणि तिच्या स्वतःच्या वॉर्डात हजारी तेहतीस. गरिबाच्या कोंदट खोलीत बाळंत होणारी बाई चांगल्या हॉस्पिटलातल्या बाईपेक्षा सुरक्षित! व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावून हे मरण खाली आणून दाखवलं होतं, पण त्यांचं ऐकलं कुणी? नाइटिंगेलनं सांगितलं, बाळंतिणींना एका मोठ्या दालनात दाटीवाटीनं ठेवू नका, सर्वसाधारण हॉस्पिटलच्या आवारात ठेवू नका. (ही गोष्ट तेव्हाची. आज हात धुणं, रक्त, औषधं, ऑपरेशन सगळं हॉस्पिटलात आहे, तेव्हा बाळंतपण दवाखान्यातच करा हे मी नेहमीच सांगते.)

हे पुस्तक मला एका डॉक्टरबाईंनी वाचायला सांगितलं, त्याला कारण घडलं होतं. मी तेव्हा एका सरकारी हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डची सिस्टर इन्चार्ज. एका वर्षी आमच्याकडे चार बाळंतिणी गेल्या. मीटिंगमध्ये आकडे वाचले गेले. शेजारच्या तालुक्यातल्या दवाखान्याचा आकडा शून्य. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. मला रडूच आलं. बाहेर आल्यावर या बाईंनी शांतपणे विचारलं, शून्य कितींपैकी? आणि तुमच्या चारांतल्या किती जणी तिथूनच जीपमध्ये घालून पाठवलेल्या? मी वॉर्डात जाऊन रजिस्टर काढलं. दोघी तिथूनच आलेल्या होत्या, पोचल्या तेव्हा नाडी लागत नव्हती. मला हायसं वाटलं. पण रजिस्टर मिटणार इतक्यात उरलेल्या दोघींची नावं दिसली. त्या आमच्याच होत्या, पहिल्यापासून आमच्याकडेच दाखल. एकीला रात्री रक्तस्राव सुरू झाला तेव्हा रक्त यायला पहाट झाली होती. त्या रात्रीची ड्युटी माझी होती. पुढच्या मीटिंगला मी चारही केसेस लिहून नेल्या, दोन इकडच्या, दोन तिकडच्या. त्यानंतर वॉर्डात रक्तगट आधी तपासून ठेवायची वही सुरू झाली. त्या दोघींची नावं मला अजून पाठ आहेत.

नाइटिंगेलचा आपल्याकडेही हिशेब होता. ती भारतात कधीच आली नाही, पण १८५९ मध्ये नेमलेल्या आयोगासाठी तिनं प्रश्नावली करून इथल्या छावण्यांना पाठवली. बिछान्यावरून गठ्ठेच्या गठ्ठे उत्तरं वाचली. १८६३ चा अहवाल दोन हजारांवर पानांचा झाला. भारतातल्या गोऱ्या सैनिकांचा मृत्युदर हजारी ६९ निघाला, लढाईमुळे नव्हे तर पाणी आणि मैल्यामुळे. सुरुवात गोऱ्या सैनिकापासून झाली खरी. पण छावणीच्या भिंतीपलीकडच्या गावाचं पाणी तेच असतं हे कळल्यावर ती इथल्या रयतेकडे, दुष्काळाकडे, खेड्यांकडे वळली. १८८९ मध्ये मुंबई इलाख्यात खेड्यांच्या स्वच्छतेचा कायदा झाला, त्या सुमारास आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार चालू होता. सत्तरीला टेकलेली, घराबाहेर क्वचितच पडणारी बाई लंडनमध्ये बसून आपल्या दख्खनमधल्या गावच्या विहिरींची चौकशी करत होती. मी हे पुण्यातल्या मुलींना सांगते तेव्हा त्या जरा सरसावून बसतात.

१८९१ मध्ये तिनं आणखी एक खटपट केली. सरकार चालवणारी मुलं ऑक्सफर्डला शिकतात, त्यांना आकडे वाचता यायला हवेत, म्हणून तिथं सांख्यिकीचं एक प्राध्यापकपद निर्माण करावं. पैसे द्यायचीही तिची तयारी होती. ते काही झालं नाही. पुढे १९११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कार्ल पिअर्सन यांच्या हाताखाली उपयोजित सांख्यिकीचा विभाग निघाला, पण ते पाहायला ती नव्हती.

१९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री, पण तोवर दृष्टी गेली होती, आठवणही विरत चालली होती. १३ ऑगस्ट १९१० ला, नव्वदाव्या वर्षी, ती झोपेत गेली. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन करायची तयारी होती, घरच्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे नको म्हटलं. हॅम्पशायरच्या ईस्ट वेलो गावात आईवडिलांजवळ तिला पुरलं. थडग्यावर नाव नाही. नुसती दोन आद्याक्षरं, जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख.